भेगेपलीकडचा आवाज

बर्फाचा आवाज आणायचा होता. तेवढ्यासाठीच एप्रिल १९३१ मधल्या त्या सकाळी चार माणसं आणि नऊ कुत्री अलास्काच्या किनाऱ्यावरून गोठलेल्या समुद्रात उतरणार होती.

चित्रपट तसा पुरा झाला होता. दिग्दर्शक कॉर्विन हेलने अख्खा हिवाळा सिग्नाक गावात तळ ठोकून तो काढला होता. नायिका होती नाउयाक, गावचीच. मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकल्यामुळे दुभाषीही तीच. पण मूकपटांचे दिवस एकाएकी सरले होते. कंपनीची तार आली होती: ‘आवाज नसेल तर चित्र डब्यातच राहील.’ मग हेलने ध्वनिमुद्रक पिंकहॅमला बोलावून घेतलं. गावकऱ्यांचं बोलणं, ढोल, कुत्र्यांचं केकाटणं, सगळं भरून झालं. राहिला होता शेवटचा प्रसंग. बर्फाचे डोंगर एकमेकांवर चढतात, फुटतात, गर्जतात, तो आवाज!

तो किनाऱ्याला घट्ट धरलेल्या बर्फावर मिळत नाही. त्यासाठी किनाऱ्याचा बर्फ जिथं संपतो ती भेग ओलांडून पलीकडच्या तरंगत्या बर्फावर जावं लागतं.

नाउयाकचा बाप किग्नाक वाटाड्या होता. साठीचा, आखूड बांध्याचा, गावातला सर्वांत जुना शिकारी. तो बराच वेळ आभाळाकडे बघत उभा राहिला. दूर ढगांच्या पोटाला काळपट झाक होती. म्हणजे खाली कुठंतरी पाणी उघडं पडलं होतं.

“ह्याला सांग, आज नाही,” तो हेलकडे बोट दाखवून लेकीला म्हणाला. “जमिनीकडून वारा सुटणार, तो बर्फ समुद्रात ढकलेल. आणि हेही सांग, समुद्र काही ह्याच्या पगारावर नाही.”

हेल उतावळेपणाने तिच्या तोंडाकडे पाहत होता. आठ महिने नाउयाक ह्या दोन हट्टी माणसांमध्ये शब्दांची ओझी वाहत होती. ती थकली होती. आजचा दिवस गेला की कंपनीने दिलेली मुदत संपणार, चित्र बासनात जाणार, आणि गावाचा सगळा हिवाळा फुकट जाणार.

“आबा म्हणतात, जाऊ या,” ती इंग्रजीत म्हणाली. “पण लवकर परतायचं.”

“दोन तास पुरेत!” हेल खूश झाला.

“काय म्हणतो?” बापाने विचारलं.

नाउयाकने बापाकडे न बघता उत्तर दिलं. “म्हणतो, तुम्ही आला नाहीत तरी आम्ही जाणारच.”

किग्नाक थुंकला. मग मुकाट्याने त्याने आपली कातडी होडी घसरगाडीवर चढवली. “मूर्ख असले तरी पाहुणे आहेत,” तो पुटपुटला. “एकटे कसे सोडायचे?”

भेग तेव्हा जेमतेम वीतभर होती. कुत्र्यांनी ती सहज ओलांडली. पलीकडे अर्धा तास चालल्यावर निळसर, घरांएवढ्या शिळांची रांग लागली. पिंकहॅमने बॅटऱ्या मांडल्या, ध्वनिमुद्रणाची पेटी उघडली, ध्वनिग्राहक शिळांच्या फटीत सोडला आणि कानांवर हेडफोन चढवले. हेलचा छायाचित्रकार हिमदंशाने गावातच पडून होता, म्हणून कॅमेऱ्यामागे हेल स्वतः उभा राहिला.

आणि बर्फ बोलला! आधी लांबलेला कण्हता सूर, मग खडखडाट, मग तोफ सुटावी तसा धडाका! शिळेवर शिळा चढली, कलली आणि चुरा होऊन खाली कोसळली. हेलच्या डोळ्यांत पाणी आलं. “मिळाला! पिंकहॅम, मिळाला का?”

“सगळा!” पिंकहॅम ओरडला. “माझे कानच फुटायची पाळी आली!”

मग अचानक त्याचा चेहरा बदलला. त्याने हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. “हा वेगळाच आवाज आहे. खालून येतोय. काहीतरी… फाटत चाललंय.”

किग्नाकला इंग्रजी कळत नव्हतं, पण त्या चेहऱ्यावरचा भाव कळला. त्याने टोपी मागे सारली. वारा त्याच्या मानेवर लागला. जमिनीकडचा वारा!

“पळा!”

सामान गाडीवर फेकलं आणि कुत्री सुटली. घसरगाडी उड्या घेत निघाली. भेगेपाशी पोहोचले तेव्हा तिथं भेग नव्हतीच. काळं, वाफाळणारं पाणी होतं, चांगलं पन्नास पावलं रुंद. पलीकडचा कडा डोळ्यांदेखत दूर सरकत होता.

हेल किग्नाकवर धावून गेला. “ह्या म्हाताऱ्याने आधी का नाही सांगितलं? वाटाड्या म्हणवतो!”

नाउयाक दोघांच्या मध्ये आली. आता लपवून काय उपयोग?

“त्यांनी सांगितलं होतं,” ती म्हणाली. “‘आज नाही’ असंच म्हणाले होते. मी खोटं बोलले.” मग बापाकडे वळून तिने तेच आपल्या भाषेत सांगितलं. “त्याने कसलीच धमकी दिली नव्हती, आबा. ती माझ्या मनची होती.”

किग्नाकने तिच्याकडे एकदाच पाहिलं. ती नजर थपडेपेक्षा जड होती. “बोलणं नंतर. दोर धर.”

होडी एकाच माणसाची. वल्हवणारा आत बसणार, दुसऱ्याने मागे पोटावर पालथं पडायचं, हालायचं नाही. आधी पिंकहॅम गेला. त्याचे पाय गुडघ्यांपर्यंत पाण्यात भिजले, तरी तो हूं की चूं न करता पार झाला. मग दोराला बांधून कुत्र्यांना पाण्यात घातलं. सात निघाली. दोन कुत्र्यांना तरंगत्या तुकड्यांनी दाबून टाकलं. त्यांतली एक किग्नाकची म्होरकी कुत्री होती. त्याच्या वल्ह्याचा वेग वाढला.

नाउयाक पार झाली, तेव्हा पाणी सत्तर पावलं झालं होतं. हेल एकटा पलीकडे. तो मुद्दाम शेवटी थांबला होता. कॅमेरा, पेटी, बॅटऱ्या सोडायच्या हे त्याने मान्य केलं होतं.

किग्नाक त्याला आणायला परत गेला. हेल होडीवर पालथा झाला. होडीचं मागचं टोक खचकन बुडालं! पाणी कातड्यावरून आत वाहू लागलं. किग्नाकने वल्ह्याने बर्फाची कड धरली आणि मान मागे वळवून ओरडला.

वाऱ्यातून तो आवाज नाउयाकपर्यंत आला. तिने दोन्ही हात तोंडाशी धरले आणि शब्दन् शब्द पलीकडे फेकला.

“आबा म्हणतात, तुमच्या कोटाखाली फिल्मचे डबे आहेत! म्हणतात, तुम्ही गाढव आहात! म्हणतात, डबे टाका, नाहीतर उतरा! ते तुमच्यासाठी मरणार नाहीत!”

हेल हलला नाही. त्यांच्यामागे शिळांच्या रांगेत पुन्हा तो गडगडाट उठला. काठाशी उतरवून ठेवलेला कॅमेरा ज्या बर्फावर उभा होता तो मधोमध दुभंगला. तिपाई कलली आणि गेली.

“हेल!” पिंकहॅम रडवेल्या आवाजात ओरडला. “मी ऐकलाय तो आवाज! मी तुला तोंडाने काढून दाखवीन! टाक ते!”

हेलने कोटात हात घातला. एक डबा. दुसरा डबा. चपटे, चकचकीत. पाण्यात पडताना त्यांचा साधा ‘डुबुक’ असा आवाज झाला.

होडी वर उचलली गेली. किग्नाक वल्हवत सुटला!

गाव गाठेपर्यंत दिवस कलला. पिंकहॅमच्या पायाची दोन बोटं काळी पडली होती.  किग्नाकच्या दारात पोहोचल्यावर हेलने त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि मान खाली घातली. त्याचं भाषांतर करायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव सभाघरात जमलं. मेलेल्या कुत्र्यांबद्दल, वाहून जाता जाता वाचलेल्या माणसांबद्दल विचारपूस झाली. कुणीतरी विचारलं, “किग्नाक, तुझ्यासारख्याला वारा कळला नाही?”

किग्नाक खाली बघत म्हणाला, “म्हातारा झालो. नाही कळला.”

नाउयाक दाराजवळ बसली होती.  बाप तिला झाकत होता. तिने नुसतं गप्प बसायचं होतं, बस्स.

ती उठून उभी राहिली.

“त्यांना कळला होता,” ती म्हणाली. आणि काय काय झालं ते तिने पहिल्यापासून सांगितलं. कुणाचं काय वाक्य होतं, आणि आपण त्याचं काय केलं.

 दिव्यातलं सीलचं तेल तडतडत होतं. बाकावर गावातली सर्वांत वयस्कर बाई बसली होती. तिचा थोरला मुलगा अशाच एका वाऱ्यात बर्फाबरोबर वाहून गेला होता. तिने नाउयाककडे रोखून पाहिलं.

मग ती जरा सरकली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.