मागच्या चाकातली हवा

स्टेशनच्या उतारावर त्याच्या सायकलच्या हँडलमध्ये तिच्या पिशवीचा बंद अडकला, आणि तो सोडवायला दोघांनीही जरा जास्तच वेळ लावला. तिथून हे सुरू झालं.

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दोघं एकाच गाडीने परतायची. तो शेवटच्या डब्यातून, सायकलसकट. पुढे घरापर्यंत ती पायी, तो सायकलवर… निदान तसं ठरलेलं होतं. पण त्या दिवसापासून त्याचं मागचं चाक रोज संध्याकाळी बसलेलंच असायचं.

"पुन्हा पंक्चर?"

"रस्तेच तसले…"

"माणसांना दहाव्या मजल्यावर चढवता, आणि एक पंक्चर काढवत नाही?"

"दिवसभर वर-खालीच करतो हो. जरा सरळ चालायला मिळतं, तेवढंच—"

मग सायकल हातात धरून तो, आणि पलीकडून ती. पुलावर बोलणं वाऱ्यावर जायचं, ते ऐकायला दोघं जवळ सरकायची. मध्ये सायकल होती म्हणून बरं.

एके दिवशी वहिनीने बातमी आणली. "सोमवारपासून थेट बस! तुझ्या दुकानाच्या दारातून आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत. सुटलीस बाई!"

सुटली कसली, चांगलीच अडकली होती.

शनिवारी पुलावर तिने त्याला हे सांगितलं आणि वाट पाहिली. तो नुसतं "अरेरे" म्हणाला असता तरी चाललं असतं. शहाणा म्हणाला, "बरं झालं. तुमचे पाय वाचतील."

पाय वाचतील! त्या रात्री वहिनीची भांडी उगाच आपटली गेली.

सोमवारी बस आली, खिडकीची जागाही रिकामी होती. ती चढली नाही. नेहमीच्या गाडीने आली. शेवटचा डबा रिकामा झाला, पण सायकल काही उतरली नाही. पुलावरून ती एकटीच चालली. मध्ये सायकल नव्हती, तरी एका कडेनेच.

गल्लीच्या तोंडाशी, नव्या थांब्यावर, तो घामाघूम उभा होता. उभ्या बसच्या खिडक्यांतून डोकावत.

"कोणाला शोधताय?"

तो दचकला. "तुम्ही… बसने येणार होतात ना? म्हणून कामावरून थेट इथवर सायकल हाणली."

तिने मागचं चाक अंगठ्याने दाबून पाहिलं. टणक. "आज पंक्चर नाही?"

"आज बरोबर चालायला कोणी नव्हतं." मजल्यांच्या मध्येच अडकलेल्या लिफ्टसारखा तो थांबला. "हवा… मीच सोडायचो."

"माहीत आहे. काचा घासते मी, आंधळी नाही."

"मग बोलला नाहीत कधी?"

"बोलले असते तर तुम्ही हवा भरली असती."

ती खाली वाकली, व्हॉल्व्हची टोपी काढली आणि नखाने पिन दाबली. फुस्स्—

"अहो! आता मी जाणार कसा?"

"पायी. पुलापर्यंत येते मी."

वरच्या खिडकीतून वहिनीने हाक मारली, "आलीस का गं?"

टोपी मुठीत घट्ट धरून तिने वर पाहिलं. "नाही वहिनी, अजून वाटेतच आहे!"