जुन्या नावाचं वायफाय

मोबाईल ठेवा खिशात, पोरांनो, आणि शेकोटीजवळ सरका. ही ऐकीव गोष्ट नाही. लाखांदूरचा अमर, कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, माझ्या साडूचा मुलगा. त्याच्यासोबत घडलं. तो बाता हाणणारा माणूस नाही. त्या रात्रीपासून तर बोलतोच कमी.

दोन हजार पंचवीसची अठरा नोव्हेंबर, मंगळवार. धान कापून झाला होता. रात्री नऊला दिघोरीहून विनोदचा फोन आला, की प्रिंटर वायफायला लागत नाही, आत्ताच येऊन जा. विनोद पुण्याला मोठ्या नोकरीवर. त्याचे वडील बाबुलालजी, पोस्टातून रिटायर झालेले, नुकतेच गेले होते. पुण्यानुमोदन, म्हणजे गेलेल्या माणसासाठीचा विधी, रविवारीच आटोपलं होतं.

अमर पोचला तेव्हा विनोदची बहीण रश्मी वडिलांच्या फोटोपुढची मेणबत्ती बदलत होती. सहा वर्षं म्हाताऱ्याचं दुखणंखुपणं तिनंच काढलं. नवऱ्याचं घर सुटलेलं, त्यामुळे हेच तिचं घर. आणि विनोदला छापायचं काय होतं? हक्कसोडपत्र. बहिणीनं घरावरचा हक्क सोडला, असा कागद. सकाळी रजिस्ट्री होती. कागद त्याच्या मोबाईलवर होता, पण दुकानात छापला तर गावभर होईल, म्हणून घरच्या घरी. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

अमरला राग आला. पण दुसऱ्याच्या घरात कारागिरानं काय बोलावं? त्यानं प्रिंटर पाहिला. शाई होती, कागद होता. निळा दिवा मात्र सारखा लुकलुकत होता.

"वायफायचं नाव कोनं बदललं?" त्यानं विचारलं.

"मी. परवा," विनोद म्हणाला. "काहून?"

"प्रिंटर जुनंच नाव शोधून राहिला, भाऊ. त्याले नवीन सांगा लागन."

जुनं नाव काय होतं, ते विनोदनं सांगितलं नाही. रश्मीनं सांगितलं, पाठमोरीच.

"'रश्मीचं घर'. बाबानं ठेवलं होतं. मी म्हटलं, असं कायले? तं म्हने, कागदावर चढवाचं राहून गेलं, इथं तरी तुझं नाव राहू दे."

विनोद मोबाईलमध्ये पाहत राहिला.

अमरनं प्रिंटरच्या छोट्या पडद्यावर यादी काढली. विनोदनं ठेवलेलं नवं नाव होतं. आणि त्याच्या वर, पूर्ण रेंज... रश्मीचं घर.

राउटरनं जुनं धरून ठेवलं असेल, असं त्याला वाटलं. त्यानं राउटरची वायर उपटली. दिवे विझले. यादी पुन्हा काढली. विनोदचं नाव गेलं होतं.

रश्मीचं घर... होतं. पूर्ण रेंज.

शेजारी घर नाही. मागे नुसती शेतं, धानाच्या बांध्या.

लुकलुकणारा दिवा थांबला. स्थिर झाला. प्रिंटर जोडला गेला होता... कशाला, ते कोणी विचारलं नाही.

मग कागद ओढल्याचा आवाज आला.

विनोदनं काही पाठवलंच नव्हतं. पान बाहेर आलं. जोडणी झाली की काही प्रिंटर अहवाल छापतात, तसं पान. नेटवर्क: रश्मीचं घर. स्थिती: जोडलेले आहे. दुसरं पान. तेच. तिसरं...

विनोदनं प्रिंटरचा प्लग उपटला.

चौथं पान... सरकत राहिलं.

"बाबा," रश्मी हळूच म्हणाली, "राहू द्या आता."

तेव्हा थांबलं.

तुम्हाला वाटेल विनोद सुधारला. भुताला माणूस भितो रे, सुधरत नाही. सकाळी त्यानं लाखांदुरात अमरला टाळून दुसऱ्या दुकानातून कागद छापला आणि रश्मीनं सही केली. कशी काय केली, असं अमरनं तिला नंतर विचारलं. भाऊ तुटू नये म्हणून, म्हणाली. तो तुटलाच. त्यानंतर त्याचा एक फोन नाही.

आता त्या घराला कुलूप आहे. विजेचं मीटर काढून नेलं, राउटर विनोदनं नेला. रश्मी साकोलीला भाड्याच्या खोलीत राहते, शाळेत स्वयंपाक करते. कधीमधी दिघोरीवरून जाते. एसटी त्या घरासमोरच थांबते. ती खिडकीतून बघतही नाही, म्हणते.

पण दर वेळी तिच्या मोबाईलवर वायफायची खूण येते. आपोआप. त्या घरात पाय ठेवायचा तिला हक्क नाही, आणि वायफाय अजून लागतं.