चॉकलेटात साल नको

"तुमच्या वासाबद्दल तक्रार आहे."

ती काउंटरवर चॉकलेटचे गोळे कोकोत घोळवत होती. मान वर केली तर समोर पांढऱ्या कोटातला एक उंच तरुण, केसांवर भुरभुर पावसाचे थेंब. वरच्या मजल्यावर नुकताच दवाखाना थाटलेला दातांचा डॉक्टर.

"माझ्या वासाबद्दल?"

"म्हणजे... दुकानाच्या. मी पेशंटला 'आ' करायला सांगतो, तेवढ्यात खालून तुमच्या चॉकलेटचा वास येतो. बिचाऱ्याला लाळ आवरत नाही. मी काम कसं करायचं?"

दुसरी कुणी असती तर हसली असती, नाहीतर भांडली असती. हिने हातातला चमचा खाली ठेवला आणि भलतंच विचारलं.

"कसा येतो?"

"काय कसा?"

"वास. जरा नीट सांगा ना."

त्याला वाटलं, बाईसाहेबांना कौतुक ऐकायचंय. पण गडी साधा, स्टूल ओढून बसला. "आधी काहीतरी भाजल्याचा येतो. शेंगदाणे भाजताना येतो ना, तसा. मग लोणी. मग दूध भांड्याला जरासं लागल्यासारखा... आणि मग वाटतं, घरी कुणीतरी आपली वाट बघतंय." शेवटचं वाक्य आपण का बोललो ते त्याला कळेना. ती मात्र पाठ फिरवून स्वच्छ ओटा पुन्हा पुसायला लागली. डोळे भरून आले होते, ते या परक्या माणसाला कशाला दाखवायचे?

त्याचं असं झालं होतं. थंडीत तिला ताप आला. ताप गेला तो नाकातला वास घेऊनच गेला. गोड, आंबट, कडू एवढं जिभेला कळायचं, बाकी सगळं कोरं. चॉकलेट ती नजरेवर निभावून न्यायची. त्याची चकाकी, मोडतानाचा आवाज, थर्मामीटरचा काटा, यात ती पक्की होती. हे कुणाला सांगितलं नव्हतं, मावशीला तर नाहीच. दुकान मावशीचं. ती आता मुलाकडे राहायला जाणार होती आणि दुकान भाचीच्या हाती द्यायचं की विकून टाकायचं, एवढंच ठरायचं होतं. भाचीने कळायला लागल्यापासून या दुकानाखेरीज दुसरं काही मागितलंच नव्हतं.

आणि नेमका घोळ होता संत्र्याच्या सालीचा. दुकान प्रसिद्ध होतं ते साल घातलेल्या चॉकलेट केकसाठी. साल पुन्हापुन्हा उकळून तिचा कडूपणा काढायचा, मग पाकात शिजवायची आणि अचूक वेळी उतरवायची. ती वेळ मावशीच्या पद्धतीत फक्त नाकाला कळते. जरा उशीर झाला की खोकल्याचं औषध तयार. तापानंतर तिने दोनदा साल बिघडवली, गुपचूप फेकली आणि मग एकदम एक मतच बनवून टाकलं: चॉकलेटात साल नको. चॉकलेटला कुणाच्या मदतीची गरज नसते.

मावशी चाटच पडली. पण गंमत बघा, लोकांना ठाम मत फार आवडतं. गिऱ्हाइकं माना डोलवायला लागली. जी काल साल मागून घ्यायची, तीच आज सालीला नाकं मुरडायला लागली. पटलं नाही ते एकट्या दातवाल्याला. दुपारच्या चहाला रोज खाली यायचा आणि वाद उकरून काढायचा.

"साल नसलेलं चॉकलेट म्हणजे नुसता गोडबोल्या माणूस," तो म्हणायचा. "थोडा कडवटपणा हवा की."

"कडवटपणा माझ्यात भरपूर आहे. वेगळा घालावा लागत नाही."

"तोच तर चाखायला येतो."

"दातांच्या डॉक्टरला शोभतं का रोज गोड खाणं?"

"नाही शोभत. पण काय करणार... जिना उतरलो की पाय इकडेच वळतात."

ती हसू दाबायची. जाण्याआधी मात्र विचारायचीच, "आज वर कसा येत होता वास?" आणि तो सांगायचा. आपल्याच हातची चव तिला अशी रोज दुसऱ्याच्या तोंडून कळायची. हळूहळू ती वासाची वाट बघते की त्याची, हे तिचं तिलाच सांगता येईना.

मग एके दिवशी मावशीने फर्मान काढलं. "तुझी मतं तुझ्यापाशी ठेव. रविवारी सालीचा केक करून दाखव. जमला तर किल्ली तुझी, नाहीतर दुकान विकते."

त्याच दुपारी दातवाला खिशातून टिश्यूची एक पुडी काढत आला. "संत्रं खाताना साल राखून ठेवली तुमच्यासाठी. एकदा हुंगा, आणि मग सांगा नको म्हणून."

तिने पुडी नाकाशी धरली, डोळे मिटले. हे सोंग तिला आता छान जमत होतं. "ताजी आहे. वासही सुरेख. पण चॉकलेटात नकोच."

त्याने पुडी उलगडली. आत लवंगेच्या तेलात भिजवलेला कापसाचा बोळा होता, दुखऱ्या दाढेत ठेवतात तो. घाईत चुकीची पुडी निघाली होती, साल दुसऱ्या खिशात राहिली होती. त्या बोळ्याचा वास दारापर्यंत भरला असणार.

"कधीपासून?" त्याने हळूच विचारलं.

खोटं बोलायची तिला सवय होती, पण त्या आवाजापुढे धीर सुटला. "थंडीपासून. लोक डोळे मिटून खातात आणि मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसते... मी काय बनवते तेच मला कळत नाही. आणि रविवारी मावशीसाठी सालीचा केक करायचाय, नाहीतर दुकान जाईल. खूप भीती वाटते हो."

"डॉक्टर म्हणून बोलू की... नुसतंच?"

"नुसतंच बोल," ती म्हणाली. 'बोला'चं 'बोल' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

"मग रविवारी मला आत घे. हात तुझे, नाक माझं. मावशी यायच्या आत मागच्या दाराने निघून जाईन."

रविवारी तो पातेल्यावर वाकून उभा राहिला. चष्म्यावर वाफ, डोळे मिटलेले. "अजून फुलासारखा येतोय... आता मधासारखा... थांब, घाई नको... आता. आता उतरव." तिने उतरवलं. त्याचे डोळे मिटलेले असताना ती त्याच्याकडे मनसोक्त बघत होती. हा माणूस आपल्याला हवा आहे, हे तिला तेव्हा लख्ख कळलं.

केक बाहेर काढला आणि पुढच्या दाराशी मावशीच्या चपला वाजल्या. तो ठरल्याप्रमाणे मागे वळला. तिने त्याची बाही पकडली.

"थांब. लपवाछपवी पुरे झाली."

मावशीला तिने केक दाखवायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. मावशी खुर्चीत टेकली.

"तापात तुझ्या उशाशी मी बसले होते," ती म्हणाली. "आणि हे मलाच नाही सांगितलंस?"

"दुकान जाईल म्हणून भ्यायले, मावशी."

"आणि उद्या हा डॉक्टर नसला तर?"

"तर त्या दिवशी सालीचा केक नाही. गिऱ्हाइकांना तसं सरळ सांगेन. बाकीचं मला येतं."

मावशीने तिच्याकडे नीट बघितलं. मग कमरेची किल्ली सोडवून टेबलावर ठेवली. "हे आधी बोलली असतीस तर सालीला एवढ्या शिव्या तरी बसल्या नसत्या."

"मी असेन," दातवाला मध्येच म्हणाला.

"तुला कुणी विचारलं?" मावशी म्हणाली.

"कुणीच नाही. म्हणून मीच विचारतो." तो भाचीकडे वळला. कान लाल झाले होते. "साल असो, नसो... रोज सकाळी इथे, तुझ्याशेजारी उभं राहायचंय मला. कायमचं. चालेल?"

"विचार करायला वेळ लागेल," ती म्हणाली.

"किती?"

"हा केक निवेपर्यंत."

गरम केकला सुरी लावायची नाही, हा त्या दुकानाचा पहिल्यापासूनचा नियम. लावली तर सगळा चुरा होतो, मग तो विकता येत नाही. मावशी ओरडायच्या आतच तिने सुरी उचलली आणि वाफाळत्या केकचा पहिला तुकडा कापून त्याच्यापुढे धरला.