मैना कुणी सोडली?

गणपती पाण्यात पोचले, पण फौजदार शिवशरण कोरे काही घरी पोचले नाहीत. रात्रभर बंदोबस्त करून पाय नुसते भरून आले होते. चौकीतल्या बाकावर बसून बूट काढायचा अवकाश, फोन खणखणला.

"सायब, माझी घोडी पळवली! मैना! लगोलग या!"

"कोण बोलतंय?"

"भूपाल चौगुले. हुपरी रस्त्याचा मळा. उद्या माळावर शर्यत हाय. दुसऱ्याच्या गाडीला जुपली म्हंजे माझं काय ऱ्हातंय!"

"अवो, घोडी काय लिंबू हाय व्हय, खिशात घालून न्यायला? येतो."

बूट पुन्हा चढवावे लागले. फौजदारांनी मनातल्या मनात गणपतीपासून घोडीपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला आणि जीप काढली.

भूपाल अण्णा मळ्याच्या फाटकातच उभे होते. पांढरे स्वच्छ कपडे, कपाळाला गंध. फौजदार खाली उतरायच्या आत बोलायला सुरुवात.

"पुण्याच्या रेसमधली घोडी हाय, सायब. पळून पळून म्हातारी झाली. अशा घोड्यांचे पुढं हाल हुतात. कुणी टांग्याला जुपतंय, कुणी खाटकाला इकतंय. म्हणून तिथल्या एका संस्थेनं ती मला सांभाळायला दिली. ना गाडी, ना शर्यत. उरल्या जल्मात नुसतं चरायचं. बारा जणं मागत हुती, पण मलाच दिली. आमी जैन, अहिंसेची माणसं. त्यांनी इस्वास टाकला."

"संशय कुणावर?"

"हंबीररावावर. शर्यतीचं येड हाय त्याला. दोनदा मागाय आलता. आणि त्याला सामील आमचा मल्लेश. घोडीचं सगळं तोच बघतोय. त्याला बांधून घातलाय गोठ्यात."

"बांधून घातलाय? कायदा तुमच्या घरचा हाय काय ओ?"

मल्लेश खरंच दावणीला बांधलेला होता. ओठ फुटलेला. सीमेपलीकडून, कर्नाटकातून आलेला तिशीचा गडी. फौजदारांनी आपल्या हातांनी दावं सोडलं.

मग त्यांनी तबेला पाहिला. कडी बाहेरून नीट लावलेली, कुलूप शाबूत. खुंटीला लगाम तसाच. पाण्याच्या डोणीत हिरवं शेवाळ माजलेलं. आणि भिंतीलगत, ओळीनं मांडून ठेवलेले चार नाल.

"चोरानं नाल काढलं बघा," भूपाल अण्णा म्हणाले. "डांबरीवर आवाज हू ने म्हणून. बेरकी हाय."

फौजदारांनी एक नाल तळहातावर तोलला. हलका, पातळ, चकचकीत. कडा अजून बोटाला लागत होत्या.

"हे कवाचे?"

"पुण्यास्नंच आलेले. दोन वर्सं झाली की."

फौजदारांनी नाल जागेवर ठेवला. मागं उकिरड्यात काचेच्या दोन-तीन रिकाम्या बाटल्या पडल्या होत्या, इंजेक्शनच्या.

"आणि ह्या?"

"म्हशीच्या."

"म्हस दिसत न्हाई ती?"

"इकली की, मागंच."

"बरं. घोडीची खूण सांगा एखादी."

"तांबडी हाय. मागच्या डाव्या पायाला पांढरा मोजा."

पांढरा मोजा म्हटल्यावर फौजदारांना तो कुठंतरी बघितल्यासारखं वाटलं. जागरणाचा परिणाम असंल, म्हणून त्यांनी ते सोडून दिलं.

सोप्यात अण्णांच्या बायकोनं, सुरेखा वैनींनी, पाणी आणलं. घागरीच्या तोंडाला दुहेरी घडीचं पांढरं फडकं होतं. त्यातून गाळून तांब्या भरला आणि पुढं केला. शेजारची तानाबाई फौजदारांच्या कानाशी लागली.

"धा दिसांचा उपास धरलाय वैनींनी पर्युषण पर्वाचा. आज समद्या बायांचं पारणं झालं. ही बया अजून तोंडात घास घालंना. घोडीवर लै जीव वो तिचा."

"काल रात्री कुठं हुता, वैनी?" फौजदारांनी विचारलं.

"बस्तीत, जिनाच्या देवळात. आरती हुती." त्यांनी नजर वर केली नाही.

फौजदारांनी मल्लेशला जीपमध्ये घातलं. अटक म्हणून नव्हे, पुन्हा मार खाऊ नये म्हणून. वाटेत जीप थांबवली.

"नाल कुणी काढलं?"

"मी."

"का?"

मल्लेश बाहेर बघत राहिला.

"घोडी कुणाला दिलीस?"

"कुणाला न्हाई, यप्पा! बसवण्णाची आण. सांजचं नाल काढलं आणि गोठ्यातच झोपलो. सकाळी बघतोय तर दावण मोकळी."

"नाल काढाय कुणी सांगितलं?"

मल्लेशनं फुटक्या ओठावरचं रक्त बाहीनं पुसलं.

"लेका, उद्या चोर म्हणून उभा ऱ्हाशील. बायकापोरं हाईत न्हवं?"

मल्लेशच्या डोळ्यांत पाणी आलं. "हाईत. पण शब्द दिलाय, सायब."

हंबीरराव आपल्या घोड्यांना खरारा करत होते. आरोप ऐकून ते खो-खो हसले.

"मी नेली असती तर उद्या पळवली असती न्हवं? मग बिननालाची नेऊन खूर फोडून घीन काय? आणि ती घोडी आता पळायची न्हाई. मागितली हुती, खरं हाय. पण श्रावणात माळावर बघितली आणि नाद सोडला. पाय गेलाय तिचा."

"श्रावणात माळावर? ती पळाली?"

"असं काय करताय, सायब! तुमीबी हुता की. तांबडी घोडी, मागं पांढरा मोजा. पयल्या नंबरात आली. शिट्ट्या मारून मारून तुमचा घसा बसलता."

फौजदारांच्या कानशिलांत रक्त चढलं. आठवलं, सगळं आठवलं. निशाण ओलांडल्यावर ती घोडी तीन पायांवर उभी राहिली होती. तोंडाला फेस, अंगाला कापरं. हे बरं नव्हं, असं त्यांना तेव्हाही वाटलं होतं. वाटलं होतं आणि तरी ते टाळ्या वाजवत राहिले होते. वर्दी घरी ठेवून गेलं की माणूस किती निर्लज्ज होतो!

"गाडी कुणाची हुती?"

"ते मला इचारू नका. आमी शर्यतीवाले एकमेकांची चुगली करत न्हाई."

दुपारी फौजदार एकटेच मळ्याच्या मागच्या बांधानं चालत निघाले. मऊ मातीत बिननालाच्या खुरांचे ठसे होते, जवळजवळ पडलेले. मागच्या डाव्या खुराचा ठसा नुसता टेकल्यासारखा. कुणीतरी लंगड्या जनावराला दमादमानं, डांबरी टाळून नेलं होतं. पुढं ओढ्याकाठी एक विहीर होती. काठावर बादली. बादलीच्या तोंडावर दुहेरी घडीचं पांढरं फडकं बांधलेलं, आणि त्यावर घोड्याची लाळ वाळलेली.

फौजदार मटकन काठावर बसले. त्यांना चोर सापडला होता आणि आनंद म्हणून काडीचा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी क्षमावाणी. पर्व संपल्यावर जैन माणसं घरोघर जाऊन एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात मन दुखावलं असेल, जीवजंतूला इजा झाली असेल, त्या सगळ्याची. चौगुल्यांच्या सोप्यात माणसं येत होती, हात जोडत होती. "उत्तम क्षमा, अण्णा." "उत्तम क्षमा." अण्णा हसून नमस्कार करत होते, पण डोळे घड्याळाकडं.

फौजदार आले ते मल्लेश आणि हंबीररावांना घेऊनच.

"सापडली काय?" अण्णा उठलेच. "दुपारी शर्यत हाय—"

"शर्यतीची तुमाला का घाई, अण्णा? तुमची घोडी तर नुसती चरतीया न्हवं?"

सोप्यातली माणसं अण्णांकडं वळली.

"बसा. सांगतो. ह्या चोरीत पयल्यापास्नं एक गोष्ट इपरीत हुती. घोडी पळवणारा चोर नाल काढत बसंल काय? ज्याला पळवायची तो नाल ठोकतोय. काढतोय तो, ज्याला वाटतंय की तिनं आता पळूच ने. म्हंजे चोराला घोडी पळवायची नव्हती. हंबीरराव सुटले."

हंबीररावांनी मिशीवरून हात फिरवला.

"आता नाल बघा. अण्णा म्हणतात दोन वर्सांचे. खूर नखागत वाढतोय, म्हैन्या-दीड म्हैन्याला नाल बदलाय लागतोय. हे नाल नवे कोरे, आणि पळायच्या घोड्याचे. चरणाऱ्या घोडीला कशाला? म्हंजे ह्याच घरातनं कुणीतरी तिला शर्यतीसाठी तयार केलती. इंजेक्शनच्या बाटल्या म्हशीच्या म्हणे! म्हस मागंच इकली, आणि बाटल्या उकिरड्यात सगळ्यात वरती, ताज्या. मल्लेश, आता बोल."

"दुखणं मारायचं इंजेक्शन, सायब," मल्लेश खाली मान घालून म्हणाला. "पाय सुजलाय. शर्यतीआधी मालक टोचत्यात. दुख कळत न्हाई, मग घोडी पळतीया. आज सकाळीबी टोचणार हुते."

"खोटं!" अण्णा किंचाळले. "ह्यानंच चोरली आणि—"

"त्यानं नाल काढलं. पण चोरणारा माणूस चोरी करून त्याच गोठ्यात झोपत न्हाई. घोडी दुसऱ्यानं नेली, आणि कुलूप शाबूत म्हंजे घरातल्याच किल्लीनं. आणि त्यानं चूक केली एकच. विहिरीवर तिला पाणी पाजलं ते गाळून." फौजदारांनी बादली पुढं ठेवली. "सांगा, मंडळी, घोड्याला पाणी गाळून कोण पाजतंय? मी न्हाई, मल्लेश न्हाई, हंबीरराव न्हाई. अण्णा जैन हाईत, पण त्यांच्या डोणीत शेवाळ माजलंय. ह्या घरात एकच माणूस असं हाय, की चोरी करताना अंधारातसुदिक पाण्यातला जीव मरू ने म्हणून फडकं बांधंल."

कुणी काही म्हणायच्या आत सुरेखा वैनी आतल्या दारातून पुढं आल्या.

"मीच नेली. मल्लेशाला नाल काढाय मीच सांगितलं, आणि माझं नाव घेऊ नको म्हणून शब्द घेतला. त्याला मारतील असं वाटलं नव्हतं. मारलं तवा मी आत बसून ऐकलं. तोंड उघडलं न्हाई."

"वैनी, का केलं?"

"श्रावणात ह्येंनी सुई टोचली तवा कासरा मीच धरलता. ती बिचारी माझ्या खांद्यावर मान टेकून उभी. तिला वाटलं मी औषध देतीया. आणि धा दिस मी उपास करतीया, सगळ्या जीवांची क्षमा मागतीया! भिंतीपलीकडं ती कण्हायची. पुन्ना सुई येणार हुती. मला ऱ्हावलं न्हाई. आमच्या चिमणाबाई मावशीच्या पडीक रानात सोडलीया."

अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. संस्थेनं विश्वास टाकलेला माणूस भर सोप्यात उघडा पडला होता. समोर गावातली निम्मी माणसं हात जोडून क्षमा मागायला आलेली.

"एकदाच जिकल्यावर मोह पडला," ते पुटपुटले. "मी गर्दीत मागं उभा हुतो, लोकं माझ्या घोडीभवती नाचली हुती, सायब. तुमीबी टाळ्या वाजवल्या."

"वाजवल्या," फौजदार म्हणाले. "ते माझ्या डोक्यावर हाय. चोरीचा गुन्हा मी लावत न्हाई, पण घोडी परत त्या संस्थेकडं जाईल, आणि जनावराला छळल्याचं जे काय हुतंय ते तुमच्यावर हुईल."

अण्णा वैनींकडं वळले. हात जोडले. "सुरेखा, उत्तम—"

"मला नगो. आधी मल्लेशाला. मग तिला."

अण्णांनी मल्लेशपुढं हात जोडले. मल्लेशनं मान हलवली, हलवायची म्हणून. मग सगळे चिमणाबाई मावशीच्या रानाकडं निघाले.

मैना बाभळीखाली उभी होती, मागचा डावा पाय उचलून. वैनींना पाहून तिनं कान टवकारले. अण्णा एकटेच पुढं झाले. डोळ्यांतून धारा लागलेल्या. चार पावलांवर थांबून त्यांनी दोन्ही हात जोडायला वर केले.

हात वर गेलेले दिसताच घोडी शहारली. पण पळाली नाही. शिकवल्याप्रमाणे तिनं मान एका अंगाला वळवली, डोळे मिटले आणि सुई टोचायची वाट बघत थरथरत उभी राहिली.