टाचणी ऐकू येईल इतकी शांतता

दोन पानं पुन्हा वाचायची होती, एवढंच काम. दुपारचं जेवण उरकून बाईने घराला कुलूप लावलं, खांद्यावरची शाल सारखी केली आणि बेकरीच्या मागचा जिना उतरून ती तळघरातल्या स्टुडिओत गेली. जिन्याची कुठली पायरी झिजली आहे, कुठे जपून पाऊल टाकायचं, हे तिच्या तळव्यांना पाठ होतं.

बाई गोष्टी वाचायची. छापलेल्या गोष्टी माइकसमोर वाचायच्या, मग त्या कुणी भांडी घासताना ऐकत, कुणी आजारपणात पडल्या पडल्या. रहस्यकथा, प्रेमकथा, विनोदी, परग्रहावरच्या, भुतांच्या. तिला कुठल्याच वर्ज्य नव्हत्या. आणि प्रत्येक गोष्ट स्टुडिओत येण्याआधी एकदा घरी वाचली जायची, मास्तरांसमोर.

मास्तर म्हणजे तिचा नवरा. शिवणकाम करायचे म्हणून सगळे मास्तर म्हणत, आणि लग्नानंतर थोड्याच दिवसांत तीही म्हणू लागली. ते मशीन थांबवून हातशिलाईला बसले की ही पुस्तक उघडायची. मास्तरांच्या ओठांत टाचण्या धरलेल्या असत, त्यामुळे बोलायची सोय नव्हती. ते मान खाली घालून नुसतं "हं" म्हणत. गोष्टीला हुंकार लागतो असं जुनी माणसं सांगतात. या घरात तो टाचण्यांमधून यायचा. वाक्य खरं लागलं की "हं." खोटं लागलं की गप्प. मग ती तेच वाक्य पुन्हा वाचायची, "हं" येईपर्यंत.

काम झालं की ते कापडातल्या टाचण्या काढून पत्र्याच्या डबीत टाकायचे. टक्, टक्. मग तोंड मोकळं व्हायचं आणि मतं बाहेर पडायची. "लेखकाने त्या नोकराच्या खिशाचं अस्तर कशाला सांगितलं? तोच खुनी!" किंवा, "सगळ्या भुतांना पांढरेच कपडे कसे गं? मळखाऊ रंग घालावा ना, रात्रीचं हिंडायचं तर." आणि गोष्ट कुठलीही असो, शेवटी त्यांचं एक ठरलेलं असायचं.

"पुढे?"

"अहो, संपली गोष्ट!"

"लेखकाची संपली असेल. माझी बाही अजून व्हायचीय. पुढे सांग."

गेल्या वर्षी एका सकाळी मास्तर हातशिलाईला बसले, मान खाली घातली, आणि ती पुन्हा वर केलीच नाही.

त्यांच्या मांडीवर तेव्हा बाईचाच झगा होता. माइकला कापडाची सळसळ चालत नाही म्हणून ते तिच्यासाठी मऊ, बिनगुंड्यांचे झगे शिवायचे. "मुके झगे" असं नाव ठेवलं होतं त्यांनी. या झग्याचं सगळं झालं होतं, फक्त डाव्या बाहीची दुमड गुलाबी डोक्यांच्या टाचण्यांनी धरलेली होती. तो मशीनशेजारच्या खुंटीवर तसाच राहिला. वन्सं दोनदा येऊन बोलून गेल्या, "दुसऱ्या टेलरकडे दे गं. अर्धवट कपडा किती दिवस लोंबत ठेवायचा?" बाईने "देते" म्हटलं आणि दिला नाही.

आज मात्र शालीखाली तिने तोच घातला होता. टाचण्यांसकट.

"ताई, काटे लावून आलात की काय?" शाल काढताच स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रकाने विचारलं. याचं नाव कानसेन पडलं होतं. गाता येत नाही तर तानसेन सोड, निदान कानसेन हो, असं कुणीतरी त्याला लहानपणी चिडवलं होतं आणि तो खरंच झाला.

"बाही राहिलीय शिवायची."

"मग दुसरं काही घालायचं."

"आज हाच घालायचा होता."

कानसेन खाकरला. मास्तरांना त्याने कधी पाहिलं नव्हतं. 'तिथे मशीन चालवू देणार असतील तर येतो' म्हणत ते कधी इथे आलेच नाहीत. "प्रकाशनाच्या मॅडमचा फोन होता," तो म्हणाला. "भुतांच्या गोष्टींच्या संग्रहाबद्दल."

"काय म्हणाल्या? सांगा स्पष्ट. आता रुसायचं वय नाही माझं."

"म्हणाल्या, बाई भुताची गोष्ट वाचतायत की वाण्याची यादी? ही दोन पानं आज जमली नाहीत तर सगळ्या गोष्टी दुसरीकडून वाचून घेऊ म्हणाल्या."

बाई हसली. "खरंच आहे त्यांचं. वर्षभर मी याद्याच वाचतेय. आजचं होऊ दे, मग मीच थांबते. तुमचेही कान सुटतील."

कानसेनने फडकं उचललं. यंत्राची बटणं त्याने उगाच पुसली.

आतल्या खोलीचं जाड दार मिटलं की बाहेरचं जग कापल्यासारखं तुटायचं. भिंतींना काळा फोम, खाली जाड गालिचा, एक स्टूल, एक टेबल आणि पानांपुरता उजेड देणारा छोटा दिवा. समोरच्या काचेपलीकडे कानसेनचा चेहरा. तिने कानांवर हेडफोन चढवले.

"आधी शांतता घेतो," कानात त्याचा आवाज आला.

हे नेहमीचंच. वाचन सुरू करण्याआधी खोलीची नुसती शांतता टिपून ठेवायची. नंतर चुकलेले शब्द कापले की त्या जागी ती जोडायची. प्रत्येक खोलीची शांतता निराळी. दुसरीकडची लावली तर ठिगळ कळतं. हे ऐकून मास्तर खूश झाले होते. "म्हणजे तुमच्यातही उरलेलं कापड जपून ठेवावं लागतं म्हण की."

बाई स्थिर बसली. टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी ती शांतता. आणि त्या शांततेत तिला वास आला. ओल्या कापडावर तापलेली इस्त्री फिरवल्यावर येतो तसा, दमट, उबदार.

वर बेकरी होती. पावाचा वास कधीमधी जिन्यापर्यंत यायचा. या दाराच्या आत मात्र कधीच काही आलं नव्हतं.

"घ्या ताई."

गोष्ट साधीच होती. एकटी राहणारी बाई, दारावर पडणारी थाप. ती कडीवर हात ठेवते आणि विचारते, "कोण आहे?" सगळी गोष्ट त्या दोन शब्दांवर तोललेली. बाईने वाचलं. आवाज घाबरा केला, कापरा केला.

"पुन्हा," कानसेन म्हणाला.

तिने पुन्हा वाचलं. मग आणखी एकदा. काचेपलीकडे कानसेन मान हलवत होता. नाही.

बाईने पान खाली ठेवलं. कुठे अडतंय ते तिला ठाऊक होतं. घाबरायला काहीतरी गमावण्यासारखं हातात असावं लागतं. तिच्या दारावर अशी थाप पडली असती तर ती घाबरली असती का? धावत गेली असती. वर्षभर संध्याकाळी जिन्यात पावलं वाजली की ती हातातलं काम टाकून उभी राहत होती, आणि पावलं शेजाऱ्यांच्या दारात थांबली की पुन्हा खाली बसत होती.

मग गोष्टीतली ती बाई तरी कशावरून फक्त घाबरलेली असेल?

तिने पान उचललं. आवाज कापरा केला नाही, काहीच केलं नाही. कडीवर हात ठेवला आणि विचारलं.

"कोण आहे?"

"हं."

डाव्या कानाशी. अगदी जवळ. ओठ मिटूनच म्हटलेला.

बाईने मान वळवली, डावीकडे नुसता फोम होता. तिने काचेकडे पाहिलं. कानसेन ताठ बसला होता, एक हात हेडफोनवर दाबलेला.

"ताई… आत्ता तुम्ही हं म्हणालात?"

"नाही."

"मग…" त्याने एक बटण दाबून पाहिलं. "यंत्रात काही असेल. थांबवू का?"

भीती म्हणजे काय ते तिला वर्षभराने आठवलं. दार तीन पावलांवर होतं. उठून गेली असती तर कुणी हसलं नसतं. पण तिने दुसरंच केलं. पुढचं वाक्य तिने मुद्दाम खोटं वाचलं, नाटकातल्यासारखं, गळा काढून.

शांतता.

तेच वाक्य तिने पुन्हा वाचलं. या वेळी साधं, जसं होतं तसं.

"हं."

"थांबवू नका," बाई हळूच म्हणाली. "काही झालं तरी थांबवू नका."

ती वाचत गेली. हुंकार येत गेला. कधी आखूड, कधी लांब, कधी बराच वेळ नाहीच. नाही आला की ती मागे जाऊन ते वाक्य दुरुस्त करायची. इस्त्रीचा वास दाट झाला. मग डाव्या मनगटापाशी कापड हलकेच ताणलं गेलं.

तिने खाली पाहिलं नाही. दिव्याचा उजेड पानांपुरताच होता, बाही अंधारात होती. कुणीतरी काठ चिमटीत धरून पुढे पुढे सरकवत होतं. मध्येच काहीतरी गार, बारीक, कातडीला न टोचता निघून जायचं. कपडा अंगावर असताना मास्तर काठ शिवायचे तेव्हा हलायची परवानगी नसे. 'टोचलं तर मला बोलायचं नाही' असं आधीच बजावलेलं असे. बाई हलली नाही. पानं उलटायला तिने उजवा हात वापरला.

शेवटचं वाक्य संपलं. लांबलचक "हं" आला आणि विरला.

"शेवटाला जोडायला… थोडी शांतता घेतो," कानसेनचा आवाज अगदी खाली गेला होता. "बसवेल ना?"

तिने मान डोलावली. ती शांतता घेऊन झाली. मग बाई उठली, हाताकडे न बघता बाहेर आली, आणि खुर्चीच्या पाठीवरची शाल घेऊन तिने स्वतःला मानेपासून मनगटापर्यंत गुंडाळून घेतलं.

"ऐकायचं?" कानसेनने विचारलं. नाही म्हणेल अशी त्याला आशा असावी.

"ऐकवा." तिने तिथले हेडफोन कानांवर घेतले.

तिचं वाचन तिलाच ओळखू आलं नाही. म्हणजे आलं, वर्षभरानंतर. अधूनमधून तो हुंकार होता. कानसेन म्हणाला, "हे पुसायला गेलो तर तुमचा आवाजही जातो. दोन्ही एकाच धाग्यात आहेत."

"मग राहू दे. मॅडमना सांगा, गोष्टीला हुंकार लागतोच."

"ते सांगेन हो. पण हे बघा." त्याने शेवटची शांतता लावली. आवाज वाढवला.

टक्.

थोडं थांबून, टक्. मग आणखी एक.

"टाचण्या," तो म्हणाला. "तुमच्या बाहीतल्या गळल्या असतील, म्हणून मी आत जाऊन पाहणार होतो. पण ताई, खाली गालिचा आहे. गालिच्यावर टाचणी पडली तर माझ्यासारख्यालाही ऐकू येत नाही. ही पत्र्यावर पडतेय. डबीत वगैरे." त्याने आवाज आणखी वाढवला. "आणि हे शेवटी. बोलल्यासारखं. मला 'पुढे' ऐकू येतंय. तुम्हाला?"

बाईने हेडफोन दोन्ही हातांनी धरून ठेवले. ती रडली नाही. तिच्या तोंडून फुटलं ते हसूच होतं, जरा भिजलेलं.

"अहो, संपली गोष्ट," ती म्हणाली.

कानसेनने यंत्र बंद केलं. ती कुणाशी बोलली ते त्याने विचारलं नाही. चांगल्या कानाच्या माणसाला कधी ऐकू नये तेही कळतं. त्याने एवढंच विचारलं, "मग थांबायचं म्हणत होतात, त्याचं काय?"

"उद्या ती प्रेमकथा घेऊ. परवा विनोदी. मात्र विनोदी घेताना तुम्ही हसायचं नाही, मागच्या वेळी खुर्ची वाजली होती."

जिना चढून ती वर आली तेव्हा ऊन अजून होतं. बेकरीच्या काचेत शाल गुंडाळलेली एक बाई भरभर चालताना दिसली. ती आपणच आहोत हे तिला थोड्या वेळाने कळलं.

घरी आल्यावर तिने आधी मशीनशेजारी जाऊन पत्र्याची डबी हातात घेतली. झाकण वर्षभरात उघडलं नव्हतं. डबी हलवली तर आत वाजलं. उघडली. बाहीतल्या टाचण्या तळाशी एकमेकींना चिकटून पडल्या होत्या, गुलाबी डोक्यांच्या, सगळ्या.

मग खिडकीशी उभं राहून तिने शाल सोडली.

डाव्या बाहीची दुमड पुरती शिवून झाली होती. बारीक, एकसारखे टाके, उजव्या बाहीसारखेच. शेवटी गाठ मारून दोरा तोडला होता. मास्तर दोरा कात्रीने कधी तोडत नसत. बाई कितीदा ओरडायची, दातांनी तोडू नका म्हणून.

तिने ते टोक बोटांत धरून पाहिलं. अजून ओलं होतं.