आईची चॉकलेटं

"कुठंय ते कुलूप? दाखवा ना मला... माझ्या लेकरांचा खाऊ ज्यात कोंडून ठेवता, ते कुलूप कुठंय?"

ऑरिकानं हातातली पिशवी टेबलावर उपडी केली. सोनेरी, लाल, जांभळ्या कागदांतली चॉकलेटं, क्रीमची बिस्किटं, गोड लेपाच्या बरण्या टेबलभर पसरल्या आणि एक बरणी गडगडत जाऊन घेवड्याच्या सुपाच्या पातेल्याला आदळली. ईस्टरच्या आदल्या दिवशीची दुपार होती. खिडकीत लाल रंगवलेली अंडी वाळत होती. दीड वर्षानं इटलीहून घरी आलेल्या ऑरिकानं अजून अंगातला कोटही काढला नव्हता!

सावेता चुलीपाशी उभी होती. हातात डाव तसाच. उत्तर द्यावं असं तिला वाटलं नाही. खरं सांगायचं तर काहीच वाटलं नाही. आपल्या जागी दुसरंच कुणी उभं आहे आणि ही भावजय त्या दुसऱ्याच बाईला बोलते आहे, अशा नजरेनं ती ऑरिकाच्या थरथरणाऱ्या ओठांकडे पाहत राहिली.

"बोला ना, ताई! तिकडं मी परक्या म्हातारीची अंथरुणं धुते, तिची दुखणी काढते... ते कशासाठी? माझ्या पोरांनी पाला खाऊन राहावं म्हणून?"

"ऑरिका, आधी कोट काढ. दमली असशील," सावेता म्हणाली.

"माझ्या दमण्याचं तुम्हाला काय हो! स्वतःचं मूल असतं म्हणजे कळलं असतं!"

दारात उभा असलेला तोआदेर, सावेताचा धाकटा भाऊ, खाली मान घालून बुटांच्या टोकांकडे बघत होता. सावेतानं एकदाच त्याच्याकडे पाहिलं. त्यानं नजर वर केली नाही. बरं, तिनं मनात म्हटलं, आणि डाव पातेल्यात ठेवला.

सावेता या घरात आली ती आदल्या उन्हाळ्यात. त्याच्याही आधी दहा वर्षं ती आजारी आईच्या उशाशी बसली होती. आई गेली त्या दिवशी सगळं गाव रडलं. हिच्या डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. त्या दिवसापासून तिच्या आतलं काहीतरी थिजून गेलं ते गेलंच. पुढं बोतोशानी शहरातल्या शिवणकारखान्यात ती कॉलर शिवू लागली. तिथला नेकुलाय नावाचा एक विधुर कारागीर तिला मागणी घालून होता; शांत, कमी बोलणारा, भला माणूस. लग्नाचं ठरत आलं होतं. तेवढ्यात तोआदेरचा फोन आला. "ताई, ऑरिका तिकडं, मी दिवस दिवस ट्रकवर. पोरांना कुणी नाही गं..." नेकुलाय म्हणाला, "जा, मी थांबेन." ती आली.

घर कसलं, नुसता कागदांचा ढीग होता! सकाळी गोड क्रीम भरलेले पाव, दुपारी चिप्स, संध्याकाळी तळलेले सॉसेज आणि पिवळं गोड पाणी. आणि दर पंधरवड्याला इटलीहून येणारी मिनीबस चौकात थांबली, की आईनं धाडलेलं खोकं. त्या दिवशी पोरं जेवायचीच नाहीत. नऊ वर्षांची इलिंका जिना चढताना मध्येच थांबून धापा टाकायची, आणि पाच वर्षांच्या दिनूचे पुढचे दात काळे पडले होते.

शरद ऋतूत शाळेतल्या तपासणीनंतर शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. "पोरीच्या यकृतावर चरबी चढलीय, साखर काठावर आहे," त्या म्हणाल्या. "आत्ता सावरलं तर औषधसुद्धा लागणार नाही. मात्र एकदम काही तोडू नका, घाबरवू नका. एकेक करून बदला. आणि एकट्या पोरीचं ताट वेगळं करू नका हं... सगळं घर बदललं पाहिजे."

परतीच्या वाटेवर तोआदेरनं ट्रक कडेला घेतला आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून तो हुंदके देऊन रडला. "ताई, ऑरिकाला कळू देऊ नकोस. आपल्या खोक्यांनी पोर आजारी पडली हे कळलं तर ती तिथं जीव देईल गं! शपथ घे!"

सावेतानं शपथ घेतली. त्या शपथेचं ओझं किती होईल, याचा हिशेब तिनं केला नाही.

सुरुवातीला तिनं काहीच काढून घेतलं नाही. फक्त टेबलावर पाण्याचा तांब्या आणला, त्यात सफरचंदाच्या फोडी टाकल्या. पिवळ्या गोड पाण्यात रोज थोडं थोडं साधं पाणी वाढत गेलं. पांढऱ्या पावाशेजारी काळा पाव आला. दिनूनं पहिला घेवडा भिंतीवर थुंकला. तिनं भिंत पुसली, रागावली नाही, आणि दोन दिवसांनी पुन्हा वाढला. चारच दाणे. परसातल्या वाफ्यात तिनं त्याला मुळ्याचं बी पेरायला लावलं. उगवल्यावर दिनू तो मुळा मातीसकट चावायला निघाला, "माझाय! मीच खाणार!"

सर्वांत अवघड होता तोआदेरच. "अगं, मी माणूस आहे की ससा?" कोबीच्या ताटाकडे बघून तो ओरडायचा. "दिवसभर ट्रक हाकून आल्यावर हे?"

"तुझ्या ताटात सॉसेज दिसलं की पोरीच्या ताटात कोबी राहत नाही," सावेता म्हणायची. "खा गुमान. आईच्या हातचा मार खाऊन खायचास, आता माझ्या हातचं मार न खाता खा."

तो हसायचा, खायचा. वर शेपू भुरभुरून, आंबट सायीचा एक चमचा घालून तिनं केलेलं बीटचं सूप त्याला आवडूही लागलं होतं. तसं कबूल मात्र कधी केलं नाही.

राहता राहिली चॉकलेटं! ती तिनं कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. रविवारी चर्चहून आल्यावर प्रत्येकाला एक. पहिल्या रविवारी इलिंका तिच्या अंगावर धावून गेली होती. "ती माझ्या आईची आहेत! तुझी नाहीत! तू माझी कुणी नाहीस!" सावेता म्हणाली, "खरंय, बाळ." आणि एकच दिलं.

मग एके दिवशी आईचा फोन झाल्यावर पोर दिसेना. शोधता शोधता सावेतानं पलंगाखाली वाकून पाहिलं. इलिंका पोटावर पालथी पडून, खुर्चीवर चढून काढलेली चॉकलेटं एकामागून एक तोंडात कोंबत होती. चव घेत नव्हती, नुसती गिळत होती, आणि रिकामे कागद नाकाशी धरून खोल श्वास घेत होती... सावेताच्या लक्षात आलं, या लेकराची भूक गोडाची नाहीच! ती चॉकलेटांतून आईच खाते आहे... जी फोनमध्ये दिसते आणि बटण दाबलं की विझून जाते!

सावेता रागावली नाही, तीही पलंगाखाली शिरली. दोघी धुळीत शेजारी शेजारी पडून राहिल्या. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "पीठ मळायचंय. माझे हात दुखतात. येतेस?"

त्या दिवसापासून आईचा फोन संपला की इलिंका स्वयंपाकघरात यायची. दोघी काही बोलत नसत. कधी कणीक, कधी अक्रोड फोडणं, कधी कोबी चिरून खारवणं. पोर कणकेला बुक्क्या मारायची, कधी त्यातच रडायची. सावेता शेजारी उभी. दया, माया, दुःख असं काही आपल्या आत हलतंय का, ते ती चाचपून पाही. बधिर पायाला चिमटा काढावा तसं. काही हलत नसे. मग ती पुढची कणीक घेई.

हिवाळ्यात शेजारच्या प्रोफिरानं कुंपणावरून बातमी दिली. "ऐकलंस का? तुझ्या नेकुलायनं लग्न केलं म्हणे. कारखान्यातलीच आहे."

सावेता गाजरं किसत होती. "बरं झालं," ती म्हणाली, "एकटा जेवायचा बिचारा." आणि तिची किसणी थांबली नाही.

हीच प्रोफिरा पुढं गावभर सांगत सुटली, की आत्याबाई पोरांच्या तोंडचा घास काढते, आईनं पाठवलेलं कुलपात घालते. ते फिरत फिरत इटलीला पोचलं. भर म्हणून दिनूनं फोनवर एकदा सांगितलं, "आई, आत्या आम्हाला एकच देते!" मग ऑरिकानं जे बोलायचं ते बोलून घेतलं. तोआदेर तेव्हाही गप्प होता. सावेता फोन कानाला धरून "हो... हो..." म्हणत राहिली. कपाटाला कुलूप नव्हतंच. पण सांगायचं कसं? एक सांगितलं की सगळंच सांगावं लागणार!

...आणि आज ती ऑरिका समोर उभी होती.

"माझ्या घरात तुमची गरज नाही, ताई. सणाच्या दिवशी म्हणायला नको, पण आजच जा."

सावेतानं पदराला पुसावेत तसे ॲप्रनला हात पुसले. आतल्या खोलीत गेली. कपडे फार नव्हतेच. दोन झगे, एक लोकरी शाल, आईचा फोटो. एकेक घडी घालताना तिला वाटलं, आता तरी रडू येईल. आलं नाही. घड्या मात्र नेटक्या पडत होत्या.

ती पेटी घेऊन बाहेर आली तेव्हा ऑरिका एक चॉकलेट कागदातून काढून इलिंकाच्या तोंडाशी धरत होती. "घे गं माझ्या राणी! आता कुणी अडवणार नाही तुला. घे!"

इलिंकानं मान मागं घेतली.

"का गं? आत्याला भितेस?"

"नाही," इलिंका म्हणाली. तिचा आवाज फार लहान झाला होता. "आई... चॉकलेट नको. तू कोट काढ ना. आमच्यात जेवायला बस ना! तू येते म्हणतेस तेव्हा खोकंच येतं... तू नाही येत."

ऑरिकाचा हात हवेतच थांबला.

आणि मग दारातला तोआदेर एकाएकी खाली बसला, उंबऱ्यावरच. "थांब, ताई. जाऊ नकोस! ऑरिका, मी पापी आहे. मी तिला शपथ घातली होती..." आणि त्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई, काठावरची साखर, ट्रकमधलं रडणं. "या महिन्यात परत तपासलं. खूप उतरलंय. पोर जिना धावत चढते आता. हे तिनं केलं... आणि तू तिला काय काय बोललीस, अन् मी... मी ऐकून घेतलं!"

ऑरिकानं टेबलावरच्या त्या झगमगत्या ढिगाकडे पाहिलं. त्यातलं एकेक तिनं निवडून घेतलं होतं, तिकडच्या दुकानांतून, सुट्टीच्या दिवशी, लेकरांचे चेहरे डोळ्यांपुढे आणून! तिनं हातातलं चॉकलेट टेबलावर टाकलं. "म्हणजे मी... माझ्या हातांनी... माझ्या पोरीला..."

"तू माया पाठवत होतीस," सावेता म्हणाली. "मायेनं कुणी आजारी पडत नाही. तुला दुसरं काही पाठवता येत नव्हतं, एवढंच."

"मग तुम्ही बोलला का नाहीत हो, ताई! एक शब्द... एक शब्द तरी!"

"बोलले असते तर तुला तिथं घास गेला नसता. आणि मला... मला बोललेलं लागत नाही गं."

ऑरिकानं कोट काढला. सावेताच्या हातातली पेटी काढून घेतली, आणि तिच्या पायांशी बसून, तिच्या ॲप्रनमध्ये तोंड खुपसून ती ओक्साबोक्शी रडली. "क्षमा करा, ताई... मला क्षमा करा!" सावेतानं तिच्या केसांवर हात ठेवला. अजूनही आत काही हललं नाही. पण हात मात्र आपणहून फिरत राहिला. दिनू हळूच म्हणाला, "सूप गार होतंय." तेव्हा सगळे टेबलाशी बसले. ऑरिकानं घेवड्याच्या सुपाचा पहिला चमचा तोंडात घेतला. "तिकडं मी उभ्यानंच खाते," ती म्हणाली, आणि वाडगा पुसून खाल्लं.

सण झाल्यावर ऑरिका परत गेली. पण पुढच्या खोक्यात चॉकलेटांऐवजी भाज्यांच्या बिया आल्या, आणि शरद ऋतूत, द्राक्षं काढायच्या वेळेला, ती कायमची घरी आली. सावेतानं पुन्हा पेटी काढली. आता तिचं काम संपलं होतं. कुणी तसं म्हणालं नाही, पण तिला कळत होतं. तोआदेर म्हणाला, "तुला सोडायला ट्रक दोन दिवस तरी शहराकडे जायचा नाही." इलिंकानं पेटीच लपवली. आणि ऑरिका म्हणाली, "जायचं असेल तर जा, ताई, अडवणार नाही. पण एकदा माझ्या हातचं जेवून जा. सांगा, काय करू? तुम्हाला काय आवडतं?"

सावेतानं तोंड उघडलं. तोआदेरला बीटचं सूप, दिनूला मुळा, इलिंकाला अक्रोड घातलेला पाव, आईला दुधातली खीर... ही सगळी यादी जिभेवर होती. पुढं काही येईना. ती बराच वेळ आठवत राहिली.

"मला सांगता येत नाही गं," ती शेवटी म्हणाली. "माहीतच नाही."

"मला माहितेय!" दिनू ओरडला. "आत्याला उकडीची खरवड आवडते! पातेल्याच्या तळाची, करपलेली! आमचं सगळ्यांचं झालं ना, की ती चुलीपाशी उभी राहून तेवढीच खाते. रोज!"

तोआदेरनं हातातला पेला खाली ठेवला. "हो," असं म्हणून विषय संपवावा म्हणून सावेतानं हसण्याचा प्रयत्न केला, आणि तोंड वाकडं झालं. ओठ ऐकेनात. दहा वर्षं आणि त्यावर हे दीड वर्ष, कुठं दडून बसलं होतं कुणास ठाऊक, ते सगळं एकदम डोळ्यांत चढलं, आणि ती बाई भर दुपारी, सगळ्यांसमोर, लहान पोरीसारखी हमसून हमसून रडू लागली.

ऑरिकानं चुलीवरची मक्याच्या पिठाची उकड उतरवली. लाकडी फळीवर ती पिवळीधमक, वाफाळती उलटी केली. दोऱ्यानं कापून अगदी मधला तुकडा काढला, त्यावर ताजं चीज कुस्करलं आणि ताट सावेतापुढं ठेवून हात धरून तिला खुर्चीवर बसवलं.

"पहिल्यांदा तुम्ही," ती म्हणाली. "तुम्ही खाल्ल्याशिवाय या घरात कुणी खाणार नाही."

आणि सगळे चमचे खाली ठेवून थांबले.