खोलीपेक्षा गार

वाचनबाईंच्या कॉम्प्युटरचा पंखा सुरू झाला की शेजारचं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत झोपायला जायचं, असं त्यांचा भाचा सांगायचा. भाच्याच्या बोलण्यातलं निम्मं सोडून द्यावं. पण उरलेल्या निम्म्यातही आवाज भरपूर होता.

बाई घरी बसून पुस्तकं मोठ्याने वाचायच्या आणि ते वाचन कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करून अंधांच्या ग्रंथालयाला पाठवायच्या. अकरा वर्षांत दोनशेच्या वर पुस्तकं झाली. ऐकणाऱ्यांपैकी एकाचंही कधी पत्र नाही, फोन नाही. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. दिवसभरात बाईंचा आवाज ऐकणारं घरात काही होतं, तर तो मायक्रोफोन. आणि आता ग्रंथालयाच्या बाईंनी फोनवर सांगून टाकलं, "घरघर फार येते हो. पुढचंही पुस्तक असंच आलं तर काम दुसऱ्या कुणाला द्यावं लागेल."

वाचन गेलं तर मग मी मोठ्याने बोलायचं कुणाशी, हे बाईंनी भाच्याला विचारलं नाही. "त्या पंख्याचं तोंड बंद कर," एवढंच म्हणाल्या.

भाचा कॉम्प्युटर दुरुस्तीवाला. त्याने पेटीची बाजू उघडली आणि कपाळाला हात लावला. "मावशी, अगं एक उशी भरेल एवढी धूळ आहे आत!"

"मग जपून काढ. उशी जुनी झालीये माझी."

धूळ निघाली. प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी पण आता वाळून खपली झालेली पेस्ट खरवडून त्याने नवी लावली, वर विटेएवढा पात्यापात्यांचा धातूचा ठोकळा बसवला आणि त्याला ताटाएवढा पंखा जोडला. "मोठा पंखा सावकाश फिरला तरी हवा तेवढीच ढकलतो. आरडाओरडा लहानच करतात. आमचा मालक बघ ना, पाच फूट नाही धड."

कॉम्प्युटर सुरू झाला. पंखा फिरत होता हे डोळ्यांनी पाहावं तेव्हाच कळत होतं. भाचा खूश होऊन पडद्यावर प्रोसेसरचं तापमान बघायला वाकला आणि तसाच वाकलेला राहिला.

एकोणीस.

भिंतीवरचा तापमापक एकतीस दाखवत होता.

"काय रे?"

"खोलीच्या हवेने गार करायचं, तर खोलीपेक्षा गार होईल कसं? आकडाच चुकतोय." त्याने ठोकळ्याला बोट लावलं आणि गारठ्याने पटकन मागे घेतलं. मग ते बोट उगाचच शर्टाला पुसलं.

"आवाज नाही ना? मग झालं तर," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी एक प्रकरण वाचून बाई पाणी प्यायला उठल्या. जाताना टेबलापलीकडच्या रिकाम्या खुर्चीच्या बैठकीवर सहज हात टेकला. बैठक उबदार होती. कुणी आत्ता उठून गेल्यावर असते तशी.

बाई हिशेबी. ऊन म्हणावं तर खिडकी उत्तरेला. त्यांनी ताप बघायचा थर्मामीटर आणून बैठकीवर ठेवला. सदतीस. जिवंत माणसाच्या अंगाएवढं. कॉम्प्युटर बंद केला, तासाने खुर्ची लाकडासारखी गार. पुन्हा लावून दोन पानं वाचली, सदतीस. प्रोसेसरला कितीही राबवलं तरी आकडा सदतीसच्या वर जात नव्हता. कॉम्प्युटरमधून उष्णता जात कुठे होती, ते कळलं. का, ते नाही.

त्या आठवड्यात बाईंनी तीन पुस्तकं संपवली. विनोदाच्या जागी जरा थांबायची नवी सवय त्यांना लागली.

भाचा आला आणि नेमका त्याच खुर्चीकडे वळला.

"तिथे नको बसू."

"का?"

"हात लावून बघ."

त्याने लावला. चेहरा उतरला. "काका?" तो कुजबुजला.

"छे रे! तुझे काका दुसऱ्या पानालाच घोरायला लागायचे. हे मात्र प्रकरण संपेपर्यंत बसतं."

"मग कोण आहे?"

"असेल कुणी. ऐकतंय ना?"

भाच्याने वायरी काढल्या आणि पेटी काखेत मारली. "दुकानात नीट तपासतो. परवा आणून देतो."

घर पुन्हा पहिल्यासारखं झालं. पण दुपारी बाई सवयीने टेबलाशी बसल्या आणि मायक्रोफोन नसताना एक प्रकरण मोठ्याने वाचलं. मग भीत भीत पलीकडे हात नेला.

ऊब होती.

आपली बोटं पान उलटताना का अडखळत होती, ते बाईंच्या तेव्हा लक्षात आलं. नखं निळसर झाली होती. खुर्ची सदतीस. बाईंच्या काखेत पस्तीस. दुसऱ्या दिवशी साडेतेहतीस, आणि चहा ओठांशी नेईपर्यंत निवलेला.

तिसऱ्या दिवशी भाचा पेटी घेऊन दारात उभा. "काही दोष नाही गं. दुकानात सत्तेचाळीस दाखवतो, शहाण्यासारखा. सरक, लावून देतो."

बाई दारातून सरकल्या नाहीत. कॉम्प्युटर असताना ते आपल्यासाठी येतं की त्याच्या उबेसाठी, हे कधी कळलं नसतं. या दोन दिवसांत कळलं होतं.

"राहू दे तुझ्याकडे थोडे दिवस."

"आणि ग्रंथालयाचं काम?"

"बघू."

निघताना त्याने त्यांचा हात धरला. "मावशी, हात किती गार—"

"भांडी घासत होते."

दार लावून बाईंनी थर्मामीटर काखेत धरला. तो बत्तीसच्या खाली मोजत नाही. पडद्यावर आकडा आलाच नाही, नुसत्या दोन रेघा.

बाईंनी पुस्तक उघडलं. मग मनात काय आलं कोण जाणे, उठल्या आणि पलीकडची खुर्ची पाठीला धरून आपल्या खुर्चीशेजारी आणायला लागल्या. कुणाला उगाच इतक्या लांबून ऐकायचा त्रास नको.

एरवी एका बोटाने सरकणारी ती आज एका हाताने हलली नाही. दोन्ही हातांनी, जोर लावून, ओढावी लागली.